मोर्चा, मतपेटी, हरकत आणि खरेदीखत: वसईच्या हरित पट्ट्याचे प्रकरण

वसईत ‘लोकांना नेमके काय हवे आहे’ हा प्रश्न गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत निरनिराळ्या तऱ्हांनी विचारला गेला. रस्त्यावर विचारला गेला, तेव्हा हजारो माणसे हरित पट्टा वाचवा म्हणत मोर्चाने निघाली. मतपेटीत विचारला गेला, तेव्हा याच तालुक्याने शहरवाढीच्या बाजूने उभ्या असलेल्या नेतृत्वाला पुन्हा पुन्हा निवडून दिले. प्रादेशिक आराखड्यावर हरकती मागवल्या, तेव्हा अर्जांचे गठ्ठे जमा झाले. आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, जिथे कोणी कोणाला मत विचारत नाही, फक्त सही आणि अंगठा घेतात, तिथे मुंबईतून आलेल्या कुटुंबांनी फ्लॅटमागून फ्लॅट नावावर करून घेतले.

ही चारही उत्तरे खरी आहेत. वसईची गोष्ट एरवी ‘भूमिपुत्र विरुद्ध बिल्डर’ अशी सांगितली जाते. तशी ती सांगायला सोपी आणि ऐकायला बरी वाटते, पण तिच्यात फ्लॅट घेणारा कुठेच नसतो. तो लालबाग-परळहून आला, गिरगावातल्या चाळीतून आला, १९८२ च्या गिरणी संपानंतर परवडेल ते घर शोधत विरारच्या लोकलने आला. तोही मराठीच होता. त्याला धरून हे प्रकरण मांडले तर जनमताचा हिशेब बराच बदलतो.

वाडी आणि तिच्याखालचे पाणी

उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला समुद्र, आणि या सगळ्याच्या मधून उभे गेलेले पश्चिम रेल्वेचे रूळ. रुळांच्या पश्चिमेला आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, गिरीज, सांडोर अशी गावे. सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, भंडारी, कोळी, आगरी अशी इथली वस्ती. केळी, नागवेल, नारळ, फुले आणि भाजीपाला हे वाडीचे उत्पन्न. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही इथली खासियत. पहाटेच्या लोकलने फुलांचे आणि भाजीचे भारे दादरला पोचवणारी माणसे याच गावांतली.

इथला हिरवा रंग सगळा पाण्यावर उभा आहे, आणि ते पाणी फार नाजूक आहे. पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये जागोजागी खणलेली लहान तळी आहेत, त्यांना बावखल म्हणतात. पावसाळ्यात बावखल तुडुंब भरते, पाणी रेताड जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरींना येते. पूर्वी विहिरीवर बैलांचे रहाट चालत, पुढे पंप आले. जमिनीखाली मात्र हे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाला हलके. किनाऱ्यावरच्या भूजलाचा एक जुना ठोकताळा आहे: गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर चढते. प्रत्यक्षात हे प्रमाण जागेप्रमाणे कमीजास्त होते, पण दिशा तीच. म्हणजे विहिरीतून जास्त उपसा करणारा माणूस फक्त आपली विहीर कोरडी करत नाही, शेजाऱ्याची खारट करतो. आणि बावखलात डेब्रिज टाकून भराव केला, तर वरून येणारी भरपाईही बंद होते.

इथे ‘हरित पट्टा’ या शब्दांमागे निसर्गसौंदर्याची हौस नव्हती, हे एवढ्यासाठी सांगायचे. इंग्लंडमध्ये १९५५ पासून जो ग्रीन बेल्ट धोरण म्हणून राबवला जातो, त्याचा मुख्य हेतू शहराला पसरू न देणे आणि जमीन मोकळी ठेवणे हा आहे. तिथल्या एखाद्या पडीक माळालाही संरक्षण मिळते. वसईतला पट्टा कसणाऱ्या हातांवर टिकला होता. कसणारा थांबला की नकाशावर हिरवा रंग भरून ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

आधी जमीन खुली, मग नियोजन

मुंबई महानगर प्रदेशाच्या १९७३ च्या प्रादेशिक योजनेत वसईचा बराचसा भाग हरित विभागात होता. १९८८ ते १९९० या काळात राज्य सरकारने योजनेत फेरबदल केले आणि हजारो हेक्टर जमीन नागरी वापराला खुली झाली. १९९० मध्ये सिडकोला वसई-विरार उपप्रदेशाचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. सिडकोने केलेल्या विकास आराखड्याला अंतिम मंजुरी मिळायला ९ फेब्रुवारी २००७ उजाडला.

या तारखांचा क्रम नीट पाहावा. आधी जमीन खुली झाली, मग नियोजन करणारी संस्था आली, आणि तिचा आराखडा मंजूर व्हायला आणखी सतरा वर्षे गेली. त्या सतरा वर्षांत बांधणारे थांबले नाहीत, राहायला येणारेही नाहीत. २००१ च्या जनगणनेत नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपरिषदांची मिळून लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजार झाली. तिच्यात समाविष्ट गावेही धरलेली आहेत, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून भागाकार करू नये. तरी वेग कळतो. आराखडा मंजूर झाला तेव्हा त्यातले कितीतरी रस्ते आणि मैदाने आधीच बांधून झालेल्या इमारतींखाली होती, हे नालासोपाऱ्यात राहिलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

१९८८ च्या फेरबदलांना विरोध करायला हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. ते नंदाखालचे, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक, आणि पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. आंदोलनाचे बळ मात्र चर्चच्या संघटनेपुरते नव्हते. वाडी असलेला हिंदू शेतकरी आणि ख्रिस्ती शेतकरी एकाच पाण्यावर जगत होते, त्यामुळे मोर्चात दोघेही होते.

वाद सर्वात पेटला तो टँकरवरून. नव्या इमारतींना नळ नव्हते. बिल्डर ताबा देऊन मोकळा व्हायचा आणि सोसायटी टँकर मागवायची. टँकर भरायला पश्चिमेच्या गावांतल्या विहिरी होत्या. गावकऱ्यांनी टँकर अडवले तेव्हा दोन्हीकडची माणसे हातात रिकामे हंडे घेऊन उभी असल्यासारखी होती: एकीकडे तिसऱ्या मजल्यावरची गृहिणी, जिला दोन दिवसांत पाणी आलेले नाही, आणि दुसरीकडे वाडीवाला, ज्याच्या केळीची पाने कडेने करपू लागली आहेत. शिवाय विहिरीचे पाणी टँकरला विकणारा बाहेरून आलेला नव्हता, तो गावातलाच होता. आंदोलनाच्या आठवणी सांगताना हा भाग बहुधा वगळला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो. वाडी विकणारा आणि मोर्चात चालणारा कधीकधी सख्खे भाऊ असत. सातबाऱ्यावर पाच वारस, वाट्याला आलेली जमीन दहा-बारा गुंठे, मुले नोकरीला, आणि भाव दरवर्षी चढणारा. अशा घराचे हरित पट्ट्याबद्दल एक मत असेलच कसे?

मतपेटीने दिलेली उत्तरे

शहरवाढीच्या बाजूचे नेते हितेंद्र ठाकूर वसईतून पहिल्यांदा आमदार झाले ते १९९० मध्ये, म्हणजे हरित वसईचे आंदोलन ऐन भरात असताना. त्यानंतर १९९५, १९९९ आणि २००४ असे ते सलग निवडून आले. मोर्चांचा आकार पाहिलेल्या माणसाला हा निकाल कोड्यात टाकतो. पण त्या वेळी नालासोपारा आणि विरारची वाढती वस्ती याच मतदारसंघात होती. तिथल्या मतदाराला रस्ता, पाणी, लोकलचा डबा आणि अडीअडचणीला धावून येणारा माणूस हवा होता. त्याने हरित पट्ट्याच्या विरोधात मत दिले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच्यासमोर तो प्रश्नच नव्हता.

२००८ च्या पुनर्रचनेत नालासोपारा हा वेगळा मतदारसंघ झाला. त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, २००९ मध्ये, वसईतून गावे महापालिकेतून वगळण्याच्या आंदोलनाचे नेते विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. यामागे ताजे कारण होते. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली होती, आणि पश्चिमेची गावे ‘आम्हाला वगळा’ म्हणून पेटून उठली होती. ग्रामपंचायत गेली की ग्रामसभा गेली, घरपट्टी वाढणार, बांधकामाची परवानगी शहराच्या नियमाने मिळणार आणि वाड्यांवर टॉवर उभे राहणार, ही भीती होती. उपोषणे झाली, लाठ्याही पडल्या. ३१ मे २०११ रोजी सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय काढला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. गावे महापालिकेतच राहिली.

पुढचे निकाल एका दमात सांगतो. २०१४ मध्ये पंडित हरले, ठाकूर परत आले. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीने ११५ पैकी १०६ जागा जिंकल्या. २०२४ मध्ये राज्य सरकारने २९ गावे वगळण्याचा जुना निर्णयच मागे घेण्याची प्रक्रिया सुरू केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांचा सुमारे तीन हजार मतांनी पराभव केला. त्या विवेक पंडितांच्या कन्या.

या निकालांवरून ‘लोकांचा कौल’ काढणारे दोन्ही बाजूंना आहेत. माझ्या मते मतदारसंघाची रेषा कुठून गेली यावर इथला कौल जितका ठरला, तितका तो मत बदलल्यामुळे ठरला नाही. २००४ आणि २००९ मध्ये वाडीवाल्याचे मत तेच होते, फक्त मोजणीच्या टेबलावर त्याच्या शेजारी कोणाचे मत येणार हे बदलले.

हरकत कोण नोंदवतो

कायद्याने जनमत विचारण्याची अधिकृत जागा म्हणजे हरकती आणि सूचना. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, मुदत दिली जाते, सुनावणी होते आणि नियोजन समिती अहवाल देते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये महानगर प्रदेशाच्या २०१६-३६ च्या योजनेचा मसुदा आला, तेव्हा वसई पुन्हा उठली. चर्चच्या आवारात, देवळाच्या सभामंडपात बैठका झाल्या आणि हजारो हरकती दाखल झाल्या. ही योजना अखेर २०२१ मध्ये मंजूर झाली.

हरकतीचा अर्ज डोळ्यांसमोर आणा. नाव, पत्ता, गावाचे नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, आराखड्यात त्यावर काय दाखवले आहे, तुमचे म्हणणे काय. अर्जाची ही ठेवणच जमीनधारकासाठी आहे. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला लिहायला जागा आहे. भाड्याने राहणाऱ्याला सर्व्हे नंबर ठाऊक नसतो. जो अजून डोंबिवलीत किंवा दहिसरला राहतो आणि पाच वर्षांनी इथे घर घेणार आहे, त्याला तर आपल्याबद्दल काही ठरते आहे याचाच पत्ता नसतो. पूर्वेच्या पाड्यांवरच्या वारली किंवा कातकरी कुटुंबाकडे अनेकदा जमिनीचा कागदच नसतो. संघटित गावात एकाच मजकुराच्या छापील प्रती भरल्या जातात. त्या जेवढ्या संख्येने येतात तेवढे वजन सुनावणीत पडत नाही, कारण अधिकारी त्यांना एकच मुद्दा म्हणून धरतात. पण गावकऱ्याच्या लेखी प्रत्येक प्रत म्हणजे एक माणूस असतो. म्हणून सुनावणीहून परतणारा माणूस ‘आमचे कोणी ऐकलेच नाही’ म्हणतो आणि अधिकारी ‘सगळे ऐकून घेतले’ म्हणतो. दोघेही खोटे बोलत नसतात.

रुळांच्या पूर्वेला काय झाले

पश्चिमेच्या गावांनी जे वाचवले ते थोडे नाही. भुईगाव-निर्मळच्या रस्त्याने आजही वाड्या दिसतात. पण ज्यांना घर हवे होते ती माणसे कुठेतरी राहणारच होती. त्यांचा लोंढा नालासोपारा पूर्व, विरार पूर्व, खाजण, मिठागरांच्या कडा आणि डोंगराचा पायथा असा वळला. एका बाजूला परवानगी कठीण आणि विरोध तगडा, दुसऱ्या बाजूला जमीन सरकारी किंवा मालक दूर आणि विचारणारा कोणी नाही. पश्चिमेला विरोध नसता तर पूर्वेला अनधिकृत बांधकाम झालेच नसते, असे मी म्हणणार नाही. पश्चिमही गेली असती आणि पूर्वही. मात्र हरित पट्टा राखणाऱ्यांनी ‘मग घरे कुठे’ या प्रश्नावर जेवढे बोलायला हवे होते तेवढे ते बोलले नाहीत.

नालासोपारा पूर्वेतल्या अगरवाल नगरी परिसरातल्या ४१ इमारती हे त्याचे ठळक उदाहरण. विकास आराखड्यात ती जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. तिच्यावर चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, फ्लॅट विकले गेले, माणसे राहायला आली, वीजबिले आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही, आणि नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या पाडल्या गेल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे बेघर झाली. त्यांनी पैसे मोजले होते.

आराखड्यात वाडी हिरवी राहावी म्हणून मोर्चा निघतो. सांडपाणी केंद्राचे आरक्षण शाबूत राहावे म्हणून कोणी मोर्चा काढत नाही, कारण ते आपल्या दारात नको असे सगळ्यांनाच वाटते. लोकभावनेने राखलेल्या आणि न राखलेल्या जमिनीत हा फरक पडला. शहराला मात्र दोन्हीची गरज होती, कारण प्रक्रिया न झालेले सांडपाणी शेवटी उताराने पश्चिमेच्या खाड्यांकडे आणि खाजणाकडेच जाते.

२०१८ च्या जुलैत ही सगळी भूमिती उघडी पडली. ९ जुलैपासून दोन-तीन दिवस पाऊस कोसळला, नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरारची लोकल बंद पडली, लांब पल्ल्याच्या गाडीतले प्रवासी अडकले, मिठागरांवर राहणाऱ्या माणसांना बोटीने काढावे लागले, वीज गेली. नंतर महापालिकेने नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला. पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव हवेत, ही त्यातली एक मुख्य शिफारस. गावकरी बावखलाबद्दल जे सांगत होते, त्याचेच हे मोठे रूप होते. पुरानंतर प्रथमच फ्लॅटवाल्यांच्या सोसायट्यांमधून भरावाविरुद्ध जोरात आवाज निघाला. तळमजल्यावरच्या गाळ्यात कमरेएवढे पाणी आले की पाणथळ जागेचा मुद्दा पर्यावरणवाद्यांचा राहत नाही.

माझ्या मते चार दशकांतला मतांचा खरा बदल हाच आहे, आणि तो कोणत्याही निवडणुकीत किंवा हरकतींच्या आकड्यात दिसत नाही. सूर्या प्रादेशिक योजनेतून महापालिकेला दररोज १८.५ कोटी लिटर पाणी मंजूर झाले आणि २०२३ च्या अखेरीस ते येऊ लागले. त्यामुळे टँकरवरून गाव आणि सोसायटी यांच्यात पेटणारे भांडण बरेच सैल होऊ शकते. उरतो तो पुराचा प्रश्न, आणि त्यात दोघांचे हित एकच आहे: निर्मळची बावखले बुजली तर पाणी कुठेतरी जाणारच.

२००७ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याची मुदत २०२१ पर्यंतची होती. पुढच्या वीस वर्षांचा नवा आराखडा येईल तेव्हा हरकतींसाठी पुन्हा मोजके दिवस मिळतील. त्याआधी महापालिकेला काही कामे करता येण्यासारखी आहेत: पश्चिम पट्ट्यातले प्रत्येक बावखल आणि नाला सर्व्हे नंबरासह नकाशावर घेणे, निवडक विहिरींचा खारेपणा दर मे महिन्यात मोजून जाहीर करणे, आणि सुनावणी प्रभागनिहाय, रुळांच्या दोन्ही बाजूंना, नोकरदारांना येता येईल अशा रविवारी लावणे. भाडेकरूलाही भरता येईल असा, सर्व्हे नंबर न मागणारा अर्ज त्यासोबत ठेवावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, आयुक्तांचे परिपत्रक पुरते.